बाग हलवायची म्हणतात, तेव्हा आधी काय बघायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पेठेत तुमच्या गल्लीमागे २२ गुंठ्यांची बाग आहे, विकास आराखड्यात 'उद्यान' म्हणून आरक्षित. ती आता वाहनतळासाठी घ्यायची चर्चा आहे. बदल्यात दोन जागा देणार म्हणतात, एक रिंग रोडच्या पलीकडे आणि एक नदीकडेला, दोन्ही मिळून ४० गुंठे. "बावीस देऊन चाळीस मिळतायत, मग विरोध कशाला?" असं तुम्हाला बैठकीत विचारलं आणि तिथं तुम्हाला उत्तर सुचलं नाही. मी गेली ३० वर्षं कोल्हापुरात लेआउट, भाग नकाशे आणि आरक्षणं यांच्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायद्याने बागेचं आरक्षण हलवता येतं का? येतं. पण ४० गुंठे हे २२ गुंठ्यांपेक्षा जास्त आहेत, एवढ्यावर तो व्यवहार चांगला ठरत नाही. बाग गुंठ्यात मोजली की लोक तिथेच फसतात. बागेचं खरं माप म्हणजे संध्याकाळी साडेपाचला कोण किती मिनिटांत चालत तिथे पोचतं.

सगळ्यात आधी तुमच्या बागेवर नेमकं बंधन कसलं आहे ते शोधा, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो. सिटी सर्व्हे ऑफिसमधून त्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड काढा. आपल्याकडे वॉर्ड आणि सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) दोन्ही लागतात, नुसता नंबर सांगितला तर दुसऱ्याच वॉर्डचा उतारा हातात येतो. सोबत नगररचना विभागातून त्या जागेचा भाग नकाशा (विकास आराखड्याचा तेवढाच तुकडा) आणि झोन दाखला (जागा कुठल्या वापरासाठी आहे ते सांगणारा) घ्या. जागा पालिकेच्या नावावर असेल आणि आराखड्यात उद्यान असेल, तर एक गोष्ट. कुणीतरी बागेसाठी म्हणून बक्षीसपत्राने दिली असेल, तर त्या बक्षीसपत्रातली अट वाचल्याशिवाय पुढे एक पाऊल टाकू नका. अट मोडली तर दात्याचे वारस कोर्टात जाऊ शकतात आणि मग वाहनतळही होत नाही, बागही राहत नाही. तिसरा प्रकार लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडलेल्या जमिनीच्या, खुल्या जागेचा. ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते, आणि त्या जागेवर हक्क त्या लेआउटमधल्या प्लॉटधारकांचा असतो. देवस्थान इनामाची जमीन असेल तर गुंता वेगळाच, त्यासाठी वकील गाठा.

तुमच्या वर्णनावरून तुमची जागा पहिल्या प्रकारातली दिसते. तसं असेल तर रस्ता महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ मधून जातो. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर पालिकेने ठराव करायचा, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना द्यायची, एक महिन्याच्या आत हरकती मागवायच्या, हरकती घेणाऱ्यांना सुनावणी द्यायची आणि मग प्रस्ताव राज्य शासनाकडे पाठवायचा. मंजुरी शासन देतं. म्हणजे नुसता ठराव झाला म्हणून बाग हलली असं होत नाही. आणि फेरबदलाने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये, ही अट त्याच कलमात आहे. तुमच्या भागात ती एकच बाग असेल तर हा मुद्दा हरकतीत पहिला लिहा.

आता बदली जागांकडे या. खरी मेख तिथे आहे.

पहिला प्रश्न: ती नवीन जागा कुणाच्या ताब्यात आहे? नकाशावर हिरवा रंग दिला म्हणून बाग होत नाही. ती जमीन खासगी मालकाची असेल तर पालिकेने ती कलम १२६ खाली मिळवावी लागते. वाटाघाटीने मोबदला देऊन, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटई क्षेत्र (जादा बांधकामाची मुभा) देऊन, नाहीतर भूसंपादन करून. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर मोबदल्याचा आकडा इतका मोठा येतो की बागेसाठी तेवढे पैसे काढणं मध्यम शहरांना जड जातं. टीडीआर घ्यायला मालक तयार होतोच असं नाही, कारण मुंबई-पुण्यासारखी त्याला उचल नसते. मग वर्षं जातात. आणि आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, जमीन मोकळी. तुमची जुनी बाग तोवर वाहनतळ होऊन गेलेली असते. हातात काय उरलं? काहीच नाही. हे मी भीती घालायला सांगत नाही. आरक्षणं अशी सुटताना मी माझ्या टेबलावर पाहिली आहेत.

म्हणून बदली जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड मागा आणि ताबा पावती मागा. या कागदांवर पालिकेचं नाव नसेल तर अजून बदली जागा मिळालेली नाही, नुसतं आश्वासन मिळालंय.

दुसरी गोष्ट, ती जागा आधीच कुणाच्या तरी हक्काची मोकळी जागा नाही ना? रिंग रोडपलीकडच्या जागेबद्दल मला हीच शंका आहे. तिकडे गेल्या काही वर्षांत लेआउट भरपूर पडले. प्रत्येकाची १० टक्के खुली जागा आहेच. त्यातली एखादी उचलून 'नवीन उद्यान' म्हणून दाखवली, तर शहरात एक चौरस फूटही वाढला नाही. तिथल्या रहिवाशांची जागा तुमच्या हिशेबात लिहिली, एवढंच. मंजूर लेआउटचा नकाशा मागवून ती जागा त्यात कशी दाखवलीय हे डोळ्याने बघा.

आता नदीकडेची जागा. कोल्हापूरच्या माणसाला पुराबद्दल मी काय सांगावं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी, हे इथे शाळकरी पोरंही सांगतात. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या पाण्यात, बांधकामाला बंदी असते. बाग, मैदान अशा मोकळ्या वापराला चालतं. नियम म्हणून ते बरोबरच आहे, नदीला तिची जागा हवीच. पण त्याचा एक परिणाम होतो. ज्या जमिनीवर काहीच बांधता येत नाही ती मालकाला बागेसाठी द्यायला परवडते, आणि पालिकेला घ्यायलाही स्वस्त पडते. म्हणून बदलीच्या यादीत पूरपट्ट्यातल्या जागा नेहमी वर असतात.

अशी एक बाग मी स्वतः कागदावर आणली आहे, ते सांगतो. गाव सांगत नाही, नदीकाठचंच होतं. बाजारपेठेतली १५ गुंठ्यांची बाग व्यापारी संकुलासाठी गेली आणि बदल्यात नदीकडेला एक एकर मिळाली. मोजणी मी करून घेतली, तुलनेचा तक्ता मी केला. तक्त्यात सगळं जास्तच दिसत होतं, क्षेत्र जास्त, झाडांना जागा जास्त. मी समाधानाने सही केली. तीन वर्षांनी एका कामासाठी त्याच गावात गेलो तेव्हा मुद्दाम तिकडे वळलो. फाटकाला कुलूप. कुंपणावरून वाकून बघितलं तर घसरगुंडीच्या चौथ्या पायरीवर गाळाची रेघ, वाळून पांढरी झालेली. झोपाळ्याची एक साखळी गंजून तुटली होती, दुसऱ्या साखळीला फळी उभी लटकत होती. बाकांच्या पायांशी पुरातून आलेली केंदाळं तशीच पडून होती. शेजारच्या शेतातल्या माणसाला विचारलं, इथं कोण येतं? तो म्हणाला, "कोण येणार सायेब, लाईट न्हाई, बाया-माणसं अंधारात कशी येतील." परत येताना जुन्या बागेच्या जागेवरून आलो. पूर्वी तिथे फाटकाशी एक आजी फुटाण्यांची पाटी घेऊन बसायची, संध्याकाळी तिच्याभोवती पोरांचं कोंडाळं असायचं. संकुलाच्या पायऱ्यांवर आता दुचाक्या लावलेल्या होत्या. त्या तक्त्यात मी 'कोण येतं, कसं येतं' असा रकानाच केला नव्हता. तेव्हापासून मी कुठल्याही बदली प्रस्तावात तो रकाना पहिला करतो.

तो रकाना तुम्हीच भरू शकता, त्याला माझ्यासारख्याची गरज नाही. पाच-सहा जणी मिळून एक आठवडा मोजणी करा. सकाळी ६ ते ८, दुपारी ४ ते ५, संध्याकाळी ५ ते ८. फाटकाशी एकीने बसायचं, वहीत चार उभे रकाने: पोरं, बायका, पुरुष, म्हातारी माणसं. कुठून आले आणि चालत किती वेळ लागला, एवढंच विचारायचं. रविवार आणि एक सणाचा दिवस त्यात यायला हवा. तालमीतली पोरं सकाळी जोर-बैठका मारायला बागेतच येत असतील तर तेही लिहा, कारण 'बाग कोण वापरतंय' या प्रश्नावर कागदोपत्री पुरावा सहसा कुणाकडेच नसतो. नाव-पत्ता विचारू नका, गरज नाही. मग नवीन दोन्ही जागांपर्यंत तुम्ही चालत जा. खरंच चालत. सोबत एक सत्तरीची बाई आणि एक सहा वर्षांचं पोर घ्या. रिंग रोड ओलांडायला किती वेळ थांबावं लागलं, सिग्नल आहे का, पदपथ आहे का, केएमटी (शहर बस) जाते का, हे टिपून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने सुचवलेलं अंतर ३०० मीटर आहे, घरापासून एवढ्या अंतरात किमान अर्धा हेक्टर हिरवळ असावी म्हणून. आपल्याकडे तेवढं कुठून आणायचं, पण ४००-५०० मीटरपलीकडे गेलं की म्हातारी माणसं आणि लहान पोरं गळतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

आकड्यांत बोलायचं तर केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक सूचनांत दर ५,००० वस्तीमागे अर्ध्या हेक्टरची वस्तीतली बाग सांगितली आहे, १५,००० मागे एक हेक्टर, एक लाखामागे पाच हेक्टर. अर्धा हेक्टर म्हणजे जवळजवळ ५० गुंठे. तुमच्या २२ गुंठ्यांवर किती घरं अवलंबून आहेत ते मोजा, म्हणजे कळेल की तुम्ही आधीच तुटीत आहात. शहरभर बघा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. त्याच सूचनांप्रमाणे माणशी १० चौरस मीटर मोकळी जागा धरली तरी साधारण ५५० हेक्टर लागतात, म्हणजे ६६.८२ चौरस किलोमीटरच्या शहराचा बारावा हिस्सा. ज्या शहरात मोकळी जागा आधीच ओढूनताणून पुरवायची आहे, तिथे पेठेतली बाग काढून वेशीबाहेर देणं म्हणजे जिथे तूट जास्त तिथूनच उचलून घेणं.

झाडांचं वेगळं लिहितो. बागेत ५० वर्षांच्या वरचं झाड असेल तर ते राज्याच्या झाडे जतन कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्षात येतं. आणि झाड तोडायला परवानगी मिळालीच, तर त्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावावी लागतात, रोपटी किमान सहा फूट उंचीची. म्हणजे साठ वर्षांच्या एका चिंचेला साठ रोपं. तुमच्या बागेत जुनी झाडं किती आहेत, बुंध्याचा घेर किती, हे टेपने मोजून फोटोसह यादी करा. वृक्ष अधिकाऱ्याकडे ती आताच द्या, काम सुरू झाल्यावर नको. "खाली वाहनतळ करू, वर बाग तशीच ठेवू" असं कुणी सांगितलं तर हे लक्षात घ्या: स्लॅबवर तीन-चार फूट मातीत हिरवळ येते, जास्वंद-कण्हेर येते. वड, चिंच, पिंपळ येत नाहीत. ती सावली कायमची गेली.

या बाबतीत लखनौचं उदाहरण आहे. अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कखाली भूमिगत बाजार बांधायला काढला होता, वर बाग राहील असं सांगून. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला सांगितली. त्याआधी बंगळूरच्या राजमहाल विलास एक्स्टेंशनमधली, बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, तेही १९९१ मध्ये न्यायालयाने रद्द केलं. बाग ही आरास नाही, नियोजनाचा आवश्यक भाग आहे, हा त्या निकालाचा गाभा. तुमच्या वकिलाला हे दोन्ही निकाल माहीत असतीलच. हरकतीत मात्र एका ओळीत त्यांचा उल्लेख असू द्या.

बदली बागेचा कायदा नीट कसा असतो, तेही सांगतो. अमेरिकेत १९६५ चा एक कायदा आहे. त्याच्या निधीतून एखादी बाग झाली असेल तर ती दुसऱ्या कामाला वापरायची झाल्यास बदली जागा किमान तेवढ्याच बाजारमूल्याची हवी, आणि उपयोगाला व ठिकाणाला साधारण समतुल्य हवी. म्हणजे क्षेत्रफळ नव्हे, मूल्य, उपयोग आणि ठिकाण. तरीही तिथे घोळ होतातच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये मॅकॉम्ब्स डॅम पार्कवर बेसबॉलचं नवीन स्टेडियम झालं. स्टेडियम २००९ मध्ये खेळायला खुलं झालं, पण जुन्या स्टेडियमच्या जागेवर द्यायची बदली मैदानं पूर्ण व्हायला २०१२ उजाडलं. एक सलग बाग होती, तिच्या बदल्यात तुकडे मिळाले. दहा वर्षांच्या पोराचं तीन वर्षं मैदान गेलं, तर मैदान होईपर्यंत ते तेरा वर्षांचं होतं. ते बालपण कुठल्या बदली जागेत भरून द्यायचं?

म्हणून माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची अट क्रमाची आहे. नवीन बाग आधी ताब्यात, आधी तयार, दिवे, पाणी, स्वच्छतागृह, माळी सगळं सुरू, आणि मगच जुन्या फाटकाला कुलूप. ही अट ठरावात आणि शासनाच्या मंजुरीत शब्दशः लिहून घ्या. तोंडी आश्वासन कितीही मोठ्या माणसाचं असो, बदली झाली की ते त्याच्याबरोबर जातं.

वाहनतळाची गरज खोटी आहे असं मी म्हणत नाही. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्या नवरात्रात पेठांमधल्या गल्ल्यांत कशा घुसतात हे आपण सगळे सोसतो. पण वाहनतळ थोडा लांब असला तर चालतो, माणूस रिक्षाने येतो, चालत येतो. बाग लांब गेली तर ती वापरातून जाते. दोन्हींपैकी एक गोष्ट रिंग रोडला न्यायची असेल तर ती वाहनतळ असावी, हा प्रस्ताव तुम्ही स्वतःहून मांडा. नुसता नकार दिला की तुम्हाला विकासविरोधी ठरवतात. पर्यायासकट बोललात तर ऐकावं लागतं.

आणि जुनी एक गोष्ट. आपलं कोल्हापूर तळ्यांचं गाव. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली, रावणेश्वराच्या जागी स्टेडियम. त्या त्या वेळी प्रत्येक बदलाला कारण होतंच. पण जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी आजही साचतं. तुमच्या बागेत पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं हे पेठेतल्या जुन्या माणसांना विचारून ठेवा. २२ गुंठे काँक्रीट झाले तर ते पाणी कुणाच्या उंबऱ्याला लागेल, हा प्रश्न सुनावणीत फार परिणाम करतो, कारण त्याला सहज उत्तर देता येत नाही.

लगेच करायचं काम हे. माहिती अधिकाराचा अर्ज द्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागायचं ते नेमकं लिहा: ठरावाची प्रत, कलम ३७ ची सूचना निघाली असल्यास तिची प्रत, दोन्ही बदली जागांचे मालकीचे उतारे आणि ताबा पावत्या, त्या जागा पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहेत हे दाखवणारा नकाशा, आणि बदली बागांसाठी अंदाजपत्रकात केलेली तरतूद. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून सूचना निघायची वाट बघू नका. सूचना निघाल्यावर तुमच्याकडे एकच महिना असेल.

हरकत लिहिताना भाषा साधी ठेवा. मी अशी लिहीन: "सदर उद्यान आमच्या भागातील एकमेव उद्यान असून रोज अमुक इतके नागरिक त्याचा वापर करतात (मोजणी सोबत). प्रस्तावित पर्यायी जागा अनुक्रमे इतक्या व इतक्या मीटर अंतरावर असून त्यांपैकी एक पूरपट्ट्यात आहे. त्या जागांचा ताबा पालिकेकडे असल्याचा पुरावा प्रस्तावात नाही. उपयोग व ठिकाण या दोन्ही दृष्टींनी त्या समतुल्य नसल्याने फेरबदलास आमची हरकत आहे. व्यक्तिशः सुनावणी मिळावी." शेवटचं वाक्य विसरू नका. छापील अर्जावर दोनशे सह्या घेण्यापेक्षा चाळीस घरांनी स्वतंत्र अर्ज दिले तर वजन जास्त पडतं. प्रत्येक अर्जाची पोच शिक्का मारून घ्या आणि पोच एका फाईलमध्ये तारीखवार लावा.

सुनावणीला जाताना मोजणीची वही मूळची न्या, झेरॉक्स नको. आणि ज्या सत्तरीच्या बाईंना घेऊन तुम्ही रिंग रोडपर्यंत चालत जाल, त्यांना बरोबर न्या. त्यांना किती वेळ लागला ते त्यांनीच सांगू द्या.